मागाहून

खांबावरून जाताना रोपवेचा पाळणा नेहमी एक हिसका देतो. त्याच हिसक्याला निएवेसच्या हातातला फोन थरथरला, त्यामुळे क्षणभर तिला कळलंच नाही की हललं ते काय, पाळणा की आपण. तिने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. अभ्यासक्रमाचा निरोप होता. बाजाराचा अंदाज कसा बांधावा हे फोनवरून शिकवणारा आठ महिन्यांचा अभ्यासक्रम. त्यातलं शेवटचं काम तिने गेल्या आठवड्यात पाठवलं होतं, बारा मिनिटांचं बोलतं चित्रण, भिंतीवर आलेख आणि आलेखापुढे ती स्वतः. गुण आले होते. शंभरात चोपन्न. पास व्हायला साठ लागतात. खाली सोबतच्या विद्यार्थ्यांचे शेरे होते आणि त्यांतला एक असा: ‘आकडे चोख आहेत. पण बाईंचा हात उलटा चालतो. होऊन गेलेल्या वर्षांबद्दल सांगताना त्या हात पुढे करतात आणि येत्या वर्षाबद्दल सांगताना अंगठा खांद्यावरून पाठीकडे टाकतात, जणू येतं वर्ष म्हणजे केराची टोपली. बघणाऱ्याचा गोंधळ उडतो.’ त्याखाली बोगोताहून शिकवणाऱ्या ओफेलियाबाईंच्या दोन ओळी. ओफेलियाबाई कुणाला कधी तोडून बोलायच्या नाहीत. त्यांचं ‘नाही’सुद्धा रुमालात गुंडाळून यायचं. ‘निएवेस, एक संधी मी देऊ शकते. हाताकडे लक्ष द्या आणि शुक्रवारी दुपारी बाराच्या आत पुन्हा चित्रण पाठवा. मला तुमच्याकडून आशा आहे.’

आज गुरुवार होता. पाळणा ला पास शहराच्या खोलगटात उतरत होता आणि निएवेस रोजच्यासारखीच शहराकडे पाठ करून बसली होती. समोर वरच्या एल आल्तो वस्तीचा कडा, गिलावा न केलेली विटांची घरं, पत्र्यांवर ठेवलेले दगड, वाळत घातलेली चादर, सगळं हळूहळू लहान होत चाललेलं. तिला असंच बसायला बरं वाटायचं. जे मागे टाकलं ते डोळ्यांपुढे राहायचं, आणि ज्याच्याकडे निघालो ते शहर पाठीला नुसतं जाणवायचं, चुलीची ऊब जाणवावी तसं. तिने चित्रण उघडलं, आवाज बंद केला आणि नुसता हात पाहिला. निळ्या जाकिटातली एक पोक्त बाई ओठ हलवत होती. ‘गेल्या पाच वर्षांत’ असं ते ओठ म्हणत असणार, कारण हात पुढे आला, उताणा, कुणाला ताटातलं काही वाढावं तसा. मग ‘येत्या जानेवारीत’, आणि अंगठा उठला, उजव्या खांद्यावरून पाठीकडे गेला, एकदा नाही, दोनदा. निएवेसला आपलाच आवाज दुसऱ्याच्या घरातून ऐकू यावा तसं झालं. शेहेचाळीस वर्षं हा हात आपल्या अंगाला आहे. याने भाकरी मोडली, बाळंतपणात पलंगाचा गज धरला, एकोणीस वर्षं लोकांच्या दारांवर थापा मारल्या. आणि हा इतकी वर्षं असं काही बोलत होता, ते आपल्या कानावर कसं आलं नाही?

तिने तिथल्या तिथे सराव करून पाहिला. “येत्या जानेवारीत,” ती पुटपुटली आणि हात जोर लावून पुढे नेला. समोरच्या बाकावर मांडीवर पोतं घेतलेला एक म्हातारा बसला होता. त्याने टोपी चाचपली.

“काय झालं? माझ्या डोक्यावर काही बसलंय का?”

“नाही हो तातिता. तुम्हाला नाही.”

“मग कुणाला? पाळण्यात आपण दोघंच आहोत.”

“जानेवारीला दाखवत होते.”

म्हातारा गंभीर झाला. त्याने पोतं सावरलं, सबंध अंग वळवून आपल्या पाठीमागच्या काचेतून नीट पाहिलं आणि पुन्हा सरळ बसला. “अजून दिसत नाही हं,” तो म्हणाला. निएवेसला हसू आलं. यालाच नेऊन उभं करावं त्या शेरा लिहिणाऱ्यापुढे, तिला वाटलं. पण खाली उतरेपर्यंत हसू विरून गेलं आणि चोपन्न हा आकडा तेवढा राहिला, चपलेत गेलेल्या खड्यासारखा.

कारण हा आकडा नुसता आकडा नव्हता. एकोणीस वर्षं ती दारोदार जाऊन लोकांना प्रश्न विचारत होती. कोणता साबण वापरता, कोणतं दूध घेता, कोणत्या रंगाची पिशवी आवडते. पाटी छातीशी धरून चढ चढायचा, कुत्र्याशी तह करायचा, दार उघडणाऱ्या बाईला “कासेरिता, दोनच मिनिटं” म्हणून विनवायचं, बाजारातली विक्रेती जुन्या गिऱ्हाइकाला विनवते तसं. उजवा गुडघा आता पायरीगणिक बोलायला लागला होता. आणि इतक्या वर्षांत तिने आणलेली उत्तरं ऑफिसातल्या कुणा दुसऱ्याच्या टेबलावर जात, तिथे त्यांचे आलेख होत, आणि त्या आलेखांखाली ज्या नावाची सही असे ते नाव चढ न चढलेल्या माणसाचं असे. तिला ठाऊक होतं की लोक खोटं सांगतात. महागाच्या साबणाचं नाव सांगतात आणि मोरीत स्वस्तातली वडी असते. म्हणून ती पाणी मागायची, पाणी पिताना मोरीकडे बघायची, आणि कागदाच्या कडेला दोन खुणा करायची. एक सांगितल्याची, एक पाहिल्याची. टेबलावरच्यांनी त्या कडेच्या खुणा कधी वाचल्या नाहीत. मार्चमध्ये साहेब स्वतःहून म्हणाले होते, तो अभ्यासक्रम करा, कागद आणा, डिसेंबरपासून विश्लेषकाची खुर्ची तुमची. खुर्ची. तिने त्या रात्री गुडघ्यावर हात ठेवून ती बातमी त्यालाच सांगितली होती.

साहेबांचं नाव किस्बेर्त, पण पदवीच्या मानाने सगळे त्यांना लिसेन्सियादो म्हणत. ऑफिसातल्या सगळ्या बायकांना माहीत होतं की साहेबांच्या आजोबांपर्यंत ते नाव अस्सल डोंगरातलं, किस्पे होतं, आणि मग एका सरकारी खिडकीपाशी त्याला कॉलर लावून घेतली गेली. “बाप्तिस्मा नाही, इस्त्री केली नावाला,” सोबत काम करणारी विल्मा म्हणायची. साहेब आयमारा, इथल्या डोंगरातली जुनी बोली, बोलत नसत, समजत नाही म्हणत. बोलताना पेन दोन्ही हातांनी दोन टोकांना धरून ठेवायची त्यांची सवय होती, जणू सोडलं तर ते उडून जाईल.

“प्रमाणपत्र?” ती समोर येताच त्यांनी पेन धरूनच विचारलं.

“उद्या दुपारी पुन्हा पाठवायचंय, लिसेन्सियादो.”

“पुन्हा? आकडे चुकले?”

“आकडे नाही. हात चुकला.”

त्यांनी वर पाहिलं. तिने सांगितलं. सांगताना हात पाठीशी बांधून ठेवले. साहेबांना हसू आलं नाही, याचंच तिला नवल वाटलं. ते पेनाकडे बघत खोकले. “हे बघा दोन्या निएवेस, जत्रेसाठी इवल्या वस्तू बनवणाऱ्यांच्या ज्या संघासाठी तुम्ही हा जानेवारीचा अंदाज काढलात, त्याने पत्रात स्पष्ट लिहिलंय की अहवाल मांडणारा माणूस प्रमाणित हवा. मी नाही लिहिलेलं ते. सोमवारी ती मंडळी येतायत. तुमच्याकडे कागद नसेल तर मला टेबलावरच्या आलार्कोनला उभं करावं लागेल.”

“माझा अहवाल घेऊन?”

“अहवाल ऑफिसचा असतो.”

बाहेर आल्यावर विल्माने तिचा चेहरा पाहिला. “आलार्कोन? त्या पोराने जन्मात एका दारावर तरी थाप मारलीय का? त्याच्या स्वतःच्या घरालासुद्धा घंटी आहे.” दोघी कागदाच्या गठ्ठ्यांच्या खोलीत शिरल्या. विल्माने फोन धरला. पहिल्यांदा निएवेस उजवा हात मांडीखाली दाबून बसली. गेली पाच वर्षं तिने कशीबशी सांगितली, पण ‘येत्या जानेवारीत’पाशी आली आणि शब्द निर्जीव झाला, पुस्तकात छापल्यासारखा. त्याच्यापाठी काही उभंच राहीना. दुसऱ्यांदा तिने हात ठरवून पुढे नेला, तर जीभ अडली आणि पाण्याच्या टाक्यांचा आकडा घरांना लागला, घरांचा टाक्यांना. तिसऱ्यांदा हात तिने न सांगता, न विचारता, गुपचूप पाठीकडे निघून गेला. “पकड त्याला!” विल्मा ओरडली. “मी धरून ठेवू का गं? चित्रणात माझं कोपर तेवढं दिसेल. म्हणतील, दोन बायकांची कुस्ती चाललीय आणि मधेच अर्थशास्त्र.” निएवेस हसली, खूप हसली, आणि हसता हसता खाली गठ्ठ्यावर बसली, आणि मग बराच वेळ उठली नाही. हात तिच्या मांडीवर पडला होता. शाळेत बाकावर उभं केलेल्या मुलीसारखा तो दिसत होता. शाळेत असंच व्हायचं. मास्तर विचारायचे, काल काय शिकलो, आणि ती घरच्या बोलीत विचार करून त्यांच्या भाषेत उत्तर द्यायची, आणि वाटेत कुठेतरी उत्तराचे कपडे उलटे घातले जायचे. वर्ग हसायचा. तेव्हा तिला वाटायचं की आपल्या डोक्यात काहीतरी उलटं शिवलेलं आहे. इतक्या वर्षांनी तीच उलटी शिवण खांद्यावर निघाली.

जेवणाच्या सुट्टीनंतर ती परत वर गेली, एल आल्तोला, आईकडे. का निघालो हे तिला नीट सांगता आलं नसतं. आई, जिला वस्तीतले मानाने दोन्या साबिना म्हणत, पत्र्याच्या खोलीत दारापाशी उन्हात बसली होती, टोपी घालून, घागऱ्यावर ओलं प्लास्टर सांडलेलं, आणि बोटाएवढ्या घराचं दार रंगवत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तिचा हात हवेत असताना कापायचा, पण कुंचला घराला टेकला की थांबायचा, पाखरू फांदीवर बसल्यासारखा. ती गुणगुणत होती. हे तिचं रंगवतानाचं गाणं, निएवेसने तान्हेपणापासून ऐकलेलं:

इवलं घर नि इवली कडी,
वाजवी कोण ते दिसेना गं,
पाठीशी येऊन उभं राहिलं,
मान वळवून गवसेना गं.

पन्नास वर्षं आई आलासितासच्या जत्रेसाठी इवल्या वस्तू करत होती. जानेवारीच्या चोविसाव्या दिवशी, बरोबर बाराच्या ठोक्याला, ज्याला जे हवं असेल ते त्याने इवलंसं विकत घ्यायचं, धुपावर धरायचं, आणि मग वर्षभरात ते मोठं होऊन दाराशी यायचं. घर, दुकान, पदवी, बाळ. निएवेस लहानपणी त्या दुकानाच्या फळीखाली बसून माणसांचे पाय बघायची. कोणते पाय थांबतात, कोणते रेंगाळून पुढे जातात. आणि जत्रा संपल्यावर आई एक गोष्ट करायची, जी बाकीच्या बायका करत नसत. ती न विकलेला माल लगेच पेटाऱ्यात भरायची नाही. विणलेली चादर अंथरून सगळं तिच्यावर मांडायची, समोर, ओळीने, आणि सबंध सकाळ त्याच्याकडे बघत बसायची. एक वस्तू उचलायची. “ही कुणी घेतली नाही. का नाही घेतली?” ज्या वर्षी सगळं गाव इवल्या बॅगा आणि इवले पासपोर्ट घेत होतं, बॅगा पुरत नव्हत्या, त्या वर्षी आईने शेवटच्या तासाला पाहिलं की माणसं बॅग उचलतायत, हातात धरतायत, आणि परत ठेवतायत. त्या साली मागे उरल्या अकरा बॅगा. तिने त्या अकरा बॅगा समोर ठेवून सकाळ काढली आणि पुढल्या जत्रेला बॅगा केल्याच नाहीत. सिमेंटच्या इवल्या गोण्या केल्या. शेजारणी हसल्या. आणि त्या जत्रेपर्यंत परदेशी गेलेली माणसं परत आली होती, आणि त्यांना भिंती हव्या होत्या. निएवेसला ओफेलियाबाईंनी तिसऱ्या महिन्यात ‘उरलेल्या मालाचा अभ्यास’ हा धडा शिकवला तेव्हा फोनमध्ये तोंड घालून हसावंसं वाटलं होतं.

“आज लवकर?” आईने मान न वळवता विचारलं.

“नापास झाले, आई.”

“कशात?”

“तुझ्यात,” ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

मग तिने पायरीवर बसून सगळं सांगितलं. आईने कुंचला पाण्यात बुडवला. “थांब. हा अंदाज अंदाज म्हणतेस तो म्हणजे काय? नीट सांग.”

“जे येणार आहे ते आधी सांगायचं.”

“कुणी पाहिलंय ते?”

“कुणीच नाही. म्हणून तर अंदाज.”

“मग ते समोर कसं असेल?” आईला खरोखरच कळेना. “न पाहिलेली गोष्ट समोर? त्या मुलखातल्या माणसांना मानेवर डोळे आहेत का गं?”

आईच्या आयमारा बोलीत डोळ्याला जो शब्द, तोच समोरच्याला, आणि तोच होऊन गेलेल्या काळाला. नायरा. जे झालं ते पाहिलेलं, म्हणून ते डोळ्यांपुढे. आणि जे व्हायचं ते कुणी पाहिलं नाही, म्हणून ते पाठीशी. तिथून ते येतं, खांद्यावरून, त्याच्या वेळेला. निएवेस हे कधी शिकली नव्हती, ते आईच्या दुधासारखं अंगात गेलं होतं, आणि शाळेची भाषा आल्यावर जिभेवरून पुसलंही गेलं होतं. हातावरून तेवढं पुसायचं राहिलं. आणि त्या बोलीत दुसरीही एक सक्ती होती. पाहिलेली गोष्ट आणि ऐकलेली गोष्ट एकाच तोंडाने सांगता यायची नाही. ऐकलेल्याच्या शेपटाला ‘म्हणे’ लावावाच लागायचा. निएवेस सात वर्षांची असताना थोरला भाऊ तेओदोरो शिवणकामाला साव पावलोला गेला होता. ती नळावर सगळ्यांना सांगत सुटली, “माझा भाऊ कार्निव्हलला येणार,” पाहिल्याच्या तोंडाने, ठासून. आईने वेणी ओढून घरात आणलं. “‘म्हणे’ कुठंय तुझा? पाहिलंस तू त्याला येताना?” कार्निव्हल आलं, तो नाही आला. दुसरं आलं, तिसरं आलं. तोवर निएवेस ‘म्हणे’ लावायला शिकली होती, मग तेवढंही म्हणायचं सोडून दिलं तिने. आणि मग एका दुपारी ती नळावर कपडे धूत असताना, वाटेकडे पाठ करून, हात कोपरापर्यंत फेसात, मागून कुणीतरी येऊन तिचे डोळे झाकले. जाड, खरखरीत बोटं. मशीनच्या तेलाचा वास. ती ओरडली नाही. तिने ओल्या हातांनी ती बोटं चाचपली, एक एक, आणि तिसऱ्या बोटाला सुईचा व्रण लागला. तिला अजून तो क्षण अंगावर आठवत होता. समोर काळोख आणि पाठीला ऊब, आणि मान वळवण्याआधीच सगळं कळलेलं.

पायरीवरचं ऊन एव्हाना गुडघ्यावर आलं होतं. आलेखावर, अंदाजाच्या रेघेभोवती, ओफेलियाबाईंनी एक राखाडी पट्टा काढायला शिकवला होता. रेघ म्हणजे आपण सांगतो ते, पट्टा म्हणजे आपल्याला कितपत ठाऊक नाही ते. जितकं लांबचं, तितका पट्टा रुंद. वर्गातल्या बाकीच्यांना तो पट्टा नकोसा वाटायचा. रेघ ऐटबाज दिसायची, पट्टा काढला की ती मवाळ व्हायची. निएवेसला मात्र तो पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटला होता, आणि का, ते आज, आईच्या दारात, कळलं. तो ‘म्हणे’ होता. कुणीतरी ‘म्हणे’चं चित्र काढलं होतं.

ती उठली. “आई, ती गेल्या जत्रेतल्या उरलेल्या मालाची पेटी कुठे आहे?”

“पलंगाखाली. का?”

चादर अंथरली गेली. त्यावर उरलेलं सगळं मांडलं, तीन बॅगा, चौतीस पदव्या, एक लंगडी गाय, सतरा मोटारी. भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवला. फोन प्लास्टरच्या गोणीला टेकवला. “मी दिसता कामा नये हं,” आई म्हणाली आणि टोपी सारखी करून अगदी मधोमध बसली. निएवेसने तिला थोडं सरकवलं. मग स्वतः उभी राहिली, पण कॅमेऱ्याकडे तोंड करून नाही. कागदाच्या डाव्या अंगाला, जिथे होऊन गेलेली पाच वर्षं होती, तिकडे तोंड केलं. उजवं अंग, जिथे रेघ तुटक होते आणि पट्टा रुंदावत जातो, ते पाठीशी राहिलं. तिने श्वास घेतला.

“माझ्या गावी,” ती म्हणाली, “जे झालं ते समोर असतं, कारण ते आम्ही पाहिलेलं असतं. जे येणार ते पाठीमागून येतं. म्हणून माझा हात मागे जातो. तो चुकत नाही. अंदाज सांगणारा माणूस उलट्या पावलांनी चालत असतो, हे तो स्वतःला आठवण करून देतो. आता बघा, हे माझ्या समोर आहे.” हात उताणा पुढे आला. “या पदव्या उरल्या. पाच वर्षांपूर्वी एकही उरत नव्हती. लोकांनी सांगितलं की घेणार, पण मी पाहिलं की घेतल्या नाहीत. दोन्ही वेगळं लिहिलंय.” वाक्यं आपोआप येत होती, भरल्या कणसातून दाणे सुटावेत तशी. “आणि येत्या जानेवारीत,” अंगठा उठला, सावकाश खांद्यावरून गेला, आणि या वेळी तिने त्याला जाऊ दिलं, “पाण्याच्या इवल्या टाक्या जातील. हजाराच्या आसपास. आठशेहून कमी नाहीत, तेराशेहून जास्त नाहीत. म्हणे.”

“नऊशे,” गोणीच्या बाजूने आई म्हणाली. चित्रणात ते स्पष्ट ऐकू आलं. निएवेसने ते कापलं नाही.

शुक्रवारी सकाळी ते गेलं. बारा वाजले. बारा वाजून पाच. बोगोता एक तास पुढे असतं, की मागे, हे तिने उगाच दोनदा तपासलं. विल्माने जांभळ्या मक्याच्या आपीचा वाफाळता पेला तिच्यासमोर ठेवला. साडेबाराला साहेबांनी बोलावलं.

“निकाल?”

“नाही अजून.”

“मग मला आलार्कोनला आत्ताच सांगायला हवं. तयारी करायला त्याला वेळ लागेल.” पेन दोन्ही हातांत. खिडकीबाहेर शुक्रवारची रहदारी ओरडत होती. निएवेसने एकोणीस वर्षांत साहेबांकडे मागून घेतलेली एकच गोष्ट तिला आठवत होती, गुडघ्यासाठी दोन दिवसांची रजा. “आधी हे बघता?” ती म्हणाली आणि फोन पुढे केला.

त्यांना तो घेण्यासाठी पेन खाली ठेवावं लागलं. ते उभ्यानेच बघू लागले. सुरुवातीला भुवई वर गेली. “तुम्ही गिऱ्हाइकाकडे बघतच नाही की.” फोनमधून निएवेसचा आवाज येत होता, आणि तिला तो प्रथमच स्वतःचा वाटला. ‘माझ्या गावी’पाशी साहेब खुर्चीच्या कडेला टेकले. आईच्या ‘नऊशे’ला त्यांच्या नाकातून एक आवाज निघाला, आणि मग ते चक्क हसायला लागले, डोळे मिटून. त्या हसण्यात ऑफिसात कधी न दिसलेला कुणीतरी एक मुलगा होता, कुणाच्या तरी चुलीपाशी बसलेला.

“तुमच्या आई?”

“हो.”

“नऊशे कशावरून म्हणतात त्या?”

“तिने उरलेलं समोर मांडून पाहिलंय.”

“माझी आजीही...” ते म्हणाले आणि थांबले. फोन तिच्या हातात दिला. टेबलावर पेन पडलं होतं, पण त्यांनी ते उचललं नाही. ते तिच्याकडे वळले.

“सोमवारी तुम्हीच उभ्या राहा, दोन्या निएवेस. आईंनाही आणा, संघातल्या निम्म्या बायका त्यांना ओळखत असतील. पत्रात काही का लिहिलेलं असेना, मी बोलतो त्यांच्याशी. कागद काय,” लिसेन्सियादो किस्बेर्त म्हणाले, आणि त्यांचा रिकामा उजवा हात आपसूक उठला, अंगठा खांद्यावरून पाठीकडे गेला, एकदा, दोनदा, “कागद येईल मागाहून.”